असेंब्लर सबरुटीनची बेरीज दर कॉलला नव्याने का सुरू होते : मेनफ्रेमवर दोन कॉलांमध्ये स्टोरेज टिकवताना येणाऱ्या अडचणी

मेनफ्रेमवरच्या (मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावरच्या) असेंब्लर सबरुटीनने, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने हवे तेव्हा बोलावायच्या छोट्या प्रोग्रॅमने, एका कॉलमध्ये (बोलावण्यात) साठवलेली किंमत पुढच्या कॉलमध्ये सापडत नाही, ही अडचण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून घरबसल्या काम करणाऱ्या आपल्या मंडळींकडून वारंवार विचारली जाते. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांमार्फत बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्या या मुलामुलींना प्रशिक्षणात कोबॉल ही भाषा आणि जॉब चालवण्याच्या सूचना लिहायची जेसीएल व्यवस्थित शिकवलेले असते. असेंब्लर मात्र एखादा जॉब पडला आणि त्यातले सबरुटीन आपल्या गळ्यात आले, की मगच उघडून पाहिले जाते. मागच्या आठवड्यात निपाणीच्या एका सहकाऱ्याचा निरोप आला, "दादा, टेस्टला बेरीज बरोबर येते, प्रॉडक्शनला प्रत्येक ओळीवर फक्त त्या ओळीचीच रक्कम दिसते." त्याला दिलेले उत्तर येथे सविस्तर मांडतो, कारण हाच प्रश्न आणखी दोन रूपांत समोर येतो आणि तिन्हींचे मूळ एकच आहे.

दुसरे रूप म्हणजे टेस्टमध्ये बिनतक्रार चालणारे मॉड्यूल (मेमरीत आणून चालवायचा तयार प्रोग्रॅम) प्रॉडक्शनला गेल्यावर पहिल्याच कॉलला एस०सी४ अबेंड देते, म्हणजे मनाई असलेल्या किंवा चुकीच्या पत्त्याला हात लावल्याने मध्येच बंद पडते. तिसरे रूप उशिरा उघड होते : जॉब तासभर नीट चालतो आणि मग जागा न मिळाल्यामुळे एस८७८ देऊन पडतो. किंमत किती काळ टिकायला हवी आणि ती ज्या जागेत ठेवली आहे ती जागा प्रत्यक्षात किती काळ टिकते, या दोन मुदतींचा मेळ नसला की या तिन्हींपैकी काहीतरी घडते. म्हणून कोड बदलण्याआधी एक प्रश्न सोडवावा : ही किंमत कोणाच्या आयुष्याशी बांधलेली आहे? एका कॉलच्या, एका कॉलरच्या (बोलावणाऱ्या प्रोग्रॅमच्या), एका टास्कच्या (प्रणाली स्वतंत्रपणे चालवते त्या कामाच्या धाग्याच्या), की संपूर्ण जॉब स्टेपच्या (जॉबच्या एका टप्प्याच्या)? हे न ठरवता जागा निवडली, तर आजचा दोष मिटतो आणि पुढच्या तिमाहीत दुसऱ्या रूपाने परत येतो.

बोलण्याच्या सोयीसाठी एक साधे उदाहरण घेऊ. कोबॉल प्रोग्रॅम एकेक नोंद वाचतो, शाखेचे नाव आणि रक्कम असेंब्लर सबरुटीनला देतो, आणि सबरुटीन त्या शाखेची आतापर्यंतची बेरीज परत करते. निपाणी ५००, निपाणी ३००, चिकोडी २०० अशा तीन नोंदी आल्या, तर उत्तर ५००, ८००, २०० असे यायला हवे. सहकाऱ्याला येत होते ५००, ३००, २००.

आधी नेमके काय घडते आहे ते पाहा

बहुतेक जण प्रत्येक कॉलला रजिस्टर १५ (प्रोसेसरमधल्या क्रमांकित कप्प्यांपैकी एक) मधला प्रवेशाचा पत्ता छापतात आणि तो सारखाच दिसला की मॉड्यूलची तीच प्रत वापरली जात आहे असे मानतात. हा पुरावा पुरेसा नाही. मॉड्यूल काढून टाकले गेले आणि पुन्हा आणले गेले, तरी रिकामी झालेली तीच जागा त्याला मिळू शकते, आणि पत्ता तंतोतंत जुळूनही प्रत मात्र कोरी असते. कामाच्या जागेचा पत्ता छापला तरी तीच गत होते, कारण नुकतीच सोडलेली जागा पुढच्याच मागणीला पुन्हा हाती येणे अगदी नेहमीचे आहे.

त्याऐवजी जागेवर वेळेचा शिक्का मारावा. पहिल्यांदा जागा तयार करताना स्टोअर क्लॉक इन्स्ट्रक्शनने ८ बाइटची वेळ त्या जागेतच लिहून ठेवावी आणि प्रत्येक कॉलला ती वेळ, जागेचा पत्ता आणि सध्याची बेरीज डब्ल्यूटीओ या संदेश पाठवणाऱ्या मॅक्रोने (तयार आज्ञेने) जॉब लॉगमध्ये पाठवावी. हा माग पहिल्या काही नोंदींपुरताच चालू ठेवावा, नाहीतर लाखभर नोंदींच्या फाइलवर लॉग भरून जाईल आणि ऑपरेटर मंडळींचा फोन येईल. तिन्ही कॉलांना शिक्का एकच असेल, तर जागा टिकते आहे आणि दोष बेरजेच्या तर्कात आहे. शिक्का दर कॉलला बदलत असेल, तर जागा नव्याने तयार होते आहे. सहकाऱ्याच्या बाबतीत पत्ता तिन्ही वेळा सारखा आणि शिक्का तिन्ही वेळा वेगळा निघाला, आणि तपासाची दिशा तिथेच ठरली.

मॉड्यूलच्या आत ठेवलेली किंमत

सर्वांत जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे सी-सेक्टमध्येच (मॉड्यूलच्या स्वतःच्या कोडच्या भागात) शून्य किमतीचा फुलवर्ड (४ बाइटचा रकाना) ठरवून त्यात बेरीज साठवणे. मॉड्यूलची ती प्रत मेमरीत असेपर्यंत किंमत टिकते, आणि त्या प्रतीचे आयुष्य किती हे तिला कोणी आणले यावर ठरते. कोबॉलचा डायनॅमिक कॉल मॉड्यूल पहिल्यांदा आणतो आणि कॅन्सल ही आज्ञा येईपर्यंत किंवा रन युनिट (एकत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमांचा संच) संपेपर्यंत तीच प्रत वापरतो. लूपमध्ये कोणी कॅन्सल लिहिले असेल, तर पुढचा कॉल कोऱ्या प्रतीवर जातो. असेंब्लरचा कॉलर लूपमध्ये लिंक मॅक्रो वापरत असेल, तर प्रत्येक परतीला मॉड्यूलचा वापर-गणक घटतो आणि तो शून्यावर आला की प्रणाली ती प्रत काढून टाकण्यास मोकळी असते. मॉड्यूल नॉन-रीयूजेबल (पुन्हा न वापरता येणारे) असेल, तर दर वेळी नवी प्रतच मिळते. यावरचा उपाय असा की सुरुवातीला एकदा लोड मॅक्रोने मॉड्यूल आणावे, मिळालेला पत्ता जपून ठेवावा, दर वेळी त्याच पत्त्यावर उडी घ्यावी आणि शेवटी एकदाच डिलीट करावे. यात लायब्ररीकडे होणाऱ्या फेऱ्याही वाचतात.

आता एस०सी४ची गोष्ट, आणि यावर थोडे थांबावे लागेल, कारण "टेस्टला चालते, प्रॉडक्शनला पडते" या तक्रारींत हे कारण फार वेळा निघते. मॉड्यूल बाइंड करताना (जोडून तयार करताना) रेंट, म्हणजे रीएंट्रंट किंवा स्वतःला न बदलणारे, हा गुणधर्म दिलेला असतो, प्रत्यक्षात मात्र ते स्वतःच्याच सी-सेक्टमध्ये लिहीत असते. टेस्टची लायब्ररी एपीएफ-अधिकृत (प्रणालीने विश्वासार्ह मानलेल्या यादीतली) नसते, त्यामुळे मॉड्यूल साध्या, वापरकर्त्याची संरक्षण-की (त्या जागेत कोण लिहू शकतो हे ठरवणारा क्रमांक) असलेल्या जागेत उतरते आणि हे लिखाण कोणी अडवत नाही. प्रॉडक्शनची लायब्ररी अधिकृत असेल, तर रेंट मॉड्यूल सबपूल (मेमरीचा क्रमांकित गट) २५२ मध्ये, संरक्षण-की शून्य असलेल्या जागेत उतरते, आणि तेच लिखाण संरक्षण-भंग ठरते. स्टेपलिबमध्ये (जॉब स्टेपने मॉड्यूल शोधायच्या लायब्ररींच्या यादीत) एकत्र जोडलेल्या लायब्ररींपैकी एक जरी अनधिकृत असली, तरी तो सगळा जोड अनधिकृत मानला जातो. म्हणूनच स्टेपलिबमधली एखादी निरुपयोगी टेस्ट लायब्ररी काढून टाकण्याच्या निरुपद्रवी बदलानंतर वर्षानुवर्षे चाललेले मॉड्यूल अचानक पडू शकते, आणि बिचारा बदल करणारा दोषी ठरतो.

डंपमध्ये (अबेंडच्या वेळच्या मेमरीच्या नकलेत) हे ओळखणे अवघड नाही. कारण-कोड ४ असेल आणि ज्या पत्त्यावर लिहिण्याचा प्रयत्न झाला तो मॉड्यूलच्या सुरुवात आणि शेवट यांच्या दरम्यान पडत असेल, तर मॉड्यूल स्वतःवर लिहीत आहे. कारण-कोड हेक्समध्ये १० किंवा ११ असेल, तर पत्ताच चुकीचा किंवा मुदत संपलेला आहे. त्याविषयी पुढे येईल. स्वतःवर लिहिणारी इन्स्ट्रक्शन पुष्कळदा आपली नसून मॅक्रोची असते. डब्ल्यूटीओच्या मजकुरात किंमत भरण्यासाठी त्याच्या यादी-रूपातच (मॅक्रोच्या नुसत्या माहितीच्या भागात) अक्षरे हलवलेली असतात आणि ते यादी-रूप सी-सेक्टमध्ये असते. ते कामाच्या जागेत आधी नकलून घ्यावे आणि मग अंमल-रूपाने (ती माहिती घेऊन काम करणाऱ्या भागाने) वापरावे. सी-सेक्टऐवजी आर-सेक्ट लिहिले किंवा असेंब्लरला रेंट पर्याय दिला, तर असे उघड लिखाण असेंब्लरच्या लिस्टिंगमध्ये इशारा म्हणून दिसते. परंतु रजिस्टरमधल्या हिशोबी पत्त्यावर होणारे लिखाण त्याला कळत नाही, म्हणून इशारा नाही म्हणजे मॉड्यूल शुद्ध आहे असे समजू नये.

रीएंट्रंट केल्यावर बेरीज का हरवते

वरचा दोष दुरुस्त करताना मॉड्यूल खरोखर रीएंट्रंट केले जाते : प्रवेशाला स्टोरेज ऑब्टेन करून कामाची जागा घ्यायची, तिचा पहिला ७२ बाइटचा भाग सेव्ह एरिया (कॉलरची रजिस्टरे जपायची जागा) म्हणून रजिस्टर १३ला जोडायचा, आणि परतताना स्टोरेज रिलीज करायची. रचना निर्दोष आहे. मात्र बेरजेचा फुलवर्डही याच जागेत हलवला गेला, की तो प्रत्येक परतीला नष्ट होतो. सहकाऱ्याकडे नेमके हेच झाले होते. प्रॉडक्शनला दुरुस्त मॉड्यूल गेले होते आणि टेस्टच्या लायब्ररीत अजून जुनेच होते.

येथे जागेचे दोन भाग पाडले पाहिजेत. सेव्ह एरिया, मॅक्रोंची अंमल-रूपे, तात्पुरत्या किमती या एका कॉलच्या जागा. त्या खुशाल घ्याव्यात आणि सोडाव्यात. बेरजेचे कोष्टक मात्र वेगळ्या जागेत, वेगळ्या डी-सेक्टने (जागेच्या नुसत्या आराखड्याने) वर्णन करून ठेवावे आणि ती जागा परतताना सोडू नये. टास्कच्या मालकीच्या ० ते १२७ या सबपूलांपैकी एखाद्यातून घेतलेली जागा सबरुटीन परतले तरी जात नाही. टास्क संपेपर्यंत ती राहते. प्रश्न उरतो तो तिचा पत्ता पुढच्या कॉलला कोण सांगणार, हा. पत्ता हरवला आणि जागा राहिली, तर प्रत्येक कॉलला नवी जागा घेतली जाते, जुनी पडून राहते, आणि तिसऱ्या रूपातला एस८७८ येतो.

पत्ता कॉलरच्या हाती द्या

माझ्या मते बॅच प्रोग्रॅमसाठी याहून सरळ आणि तपासायला सोपी पद्धत नाही. खानापूर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रावर सभासद जसा स्वतःचे कार्ड घेऊन येतो आणि केंद्रावरचा माणूस ते पाहून पुढची नोंद करतो, तसे कॉलरने प्रत्येक कॉलला एक हँडल, म्हणजे कोष्टकाचा पत्ता धरणारा रकाना, बरोबर आणावे. कोबॉलमध्ये वर्किंग-स्टोरेजमध्ये पॉइंटर (पत्ता ठेवणारा रकाना) ठरवून त्याची सुरुवातीची किंमत नल (शून्य पत्ता) ठेवावी आणि तो पहिला पॅरामीटर म्हणून बाय रेफरन्स (त्याच्या पत्त्याने) द्यावा. सबरुटीनमध्ये रजिस्टर १ पत्त्यांच्या यादीकडे पाहते. यादीतला पहिला पत्ता हँडलचा, आणि हँडलमधला फुलवर्ड कोष्टकाचा. तो शून्य असेल, तर जागा घ्यावी, ती पूर्ण साफ करावी, पहिल्या ८ बाइटमध्ये ओळखखूण, त्यापुढे लांबी आणि आवृत्ती लिहावी, आणि पत्ता हँडलमध्ये ठेवावा. मिळालेली जागा आपोआप शून्यांनी भरलेली असेल असे गृहीत धरू नये; काही वेळा ती तशी मिळते, आणि त्यामुळेच हा दोष टेस्टमध्ये लपून राहतो.

फुलवर्ड शून्य नसेल, तर ओळखखूण आणि आवृत्ती जुळते का ते आधी पाहावे आणि जुळत नसेल तर रजिस्टर १५ मध्ये चूक दर्शवणारा कोड ठेवून परतावे. ही चार ओळींची तपासणी अनावश्यक वाटून पुष्कळ जण गाळतात. तिचे मोल असे की सोडून दिलेली जागा ज्या पानात होती त्या पानाचा दुसरा काही भाग वापरात असेल, तर जुना पत्ता वाचताना अबेंड येतच नाही. दुसऱ्याच कोणाच्या बाइटना आपण बेरीज समजतो आणि चुकीची रक्कम अहवालात जाते. याच कारणाने जागा सोडण्यापूर्वी ओळखखूण पुसावी आणि हँडल पुन्हा शून्य करावे.

कॉलरच्या बाजूला दोन सापळे आहेत. पॉइंटर लोकल-स्टोरेजमध्ये ठरवला, तर तो कोबॉल प्रोग्रॅमच्या प्रत्येक प्रवेशाला पुन्हा नल होतो. प्रोग्रॅमला इनिशियल गुणधर्म असला, तर वर्किंग-स्टोरेजचीही तीच गत होते. दोन्ही प्रसंगी सबरुटीनचा काही दोष नसतो, आणि जागा मात्र गळत राहते. याशिवाय २४ बिट आणि ३१ बिटच्या पत्त्यांचे भान ठेवावे : कोष्टक १६ एमबीच्या रेषेच्या वर (२४ बिटच्या पत्त्याच्या आवाक्याबाहेर) घेतले आणि ते थेट वाचणारा एखादा जुना प्रोग्रॅम २४ बिट पद्धतीत चालत असेल, तर पत्त्याचा वरचा बाइट गळून तो भलत्याच ठिकाणी पोहोचतो.

कॉलर बदलता येत नसेल तेव्हा

पुष्कळदा कॉलर दुसऱ्या विभागाचा असतो आणि पॅरामीटर वाढवणे शक्य नसते. अशा वेळी प्रणालीच्या नेम-टोकन सेवा (नावाखाली छोटी नोंद ठेवून नंतर ती नावाने शोधायची सोय) वापराव्यात. १६ बाइटच्या नावाखाली १६ बाइटचे टोकन ठेवायचे, टोकनच्या पहिल्या फुलवर्डमध्ये आपला पत्ता. आयईएएनटीसीआर ही सेवा नाव-टोकनची जोडी तयार करते, आयईएएनटीआरटी शोधते, आयईएएनटीडीएल पुसते. प्रत्येक प्रवेशाला आधी शोधावे. परतीचा कोड ० असेल तर पत्ता मिळाला, ४ असेल तर जोडी अजून नाही, म्हणून जागा घेऊन जोडी तयार करावी. नाव विभागाच्या संक्षेपाने सुरू करावे, म्हणजे त्याच जॉबमधल्या दुसऱ्या सबरुटीनच्या नावाशी टक्कर होणार नाही.

पातळी निवडताना मुदतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. टास्क पातळीवरची जोडी फक्त त्याच टास्कला दिसते आणि टास्कबरोबर संपते. एकाच टास्कवर चालणाऱ्या बॅच जॉबला ती अगदी योग्य आहे. पण तेच सबरुटीन अनेक टास्क चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये गेले, की एक कॉल एका टास्कवर आणि दुसरा दुसऱ्यावर येतो आणि बेरीज तुकड्यांत विभागली जाते. तेव्हा होम अॅड्रेस स्पेसची (त्या जॉबच्या सगळ्या टास्कांच्या सामायिक मेमरीची) पातळी घ्यावी लागते. या बदलात एक धोका लपलेला आहे : जोडी अॅड्रेस स्पेसच्या पातळीवर राहते, तर जागा जिने घेतली त्या सबटास्कची (मूळ टास्कने सुरू केलेल्या पोट-टास्कची) असते. ती सबटास्क संपली की जागा जाते आणि टोकन मात्र मेलेला पत्ता देत राहते. वर सांगितलेले १० आणि ११ हे कारण-कोड येथूनच येतात. जागा मूळ टास्कने सबटास्क अटॅच करण्याआधी घ्यावी, किंवा अटॅच करताना तो सबपूल सामायिक करावा.

दोन सबटास्क एकाच क्षणी पहिल्यांदा आल्या, तर दोघींनाही शोधात ४ मिळेल आणि दोघीही जागा घेतील. जोडी तयार करताना जिला ४ मिळेल, म्हणजे नाव आधीच आहे असे कळेल, तिने आपली जागा सोडून पुन्हा शोधावे. बेरजेचा फुलवर्डही आता सामायिक आहे, म्हणून साधे लोड, अॅड, स्टोअर चालणार नाही. कंपेअर अँड स्वॅप (जुनी किंमत तीच असेल तरच नवी लिहिणारी इन्स्ट्रक्शन) वापरून, मधल्या काळात किंमत बदलली असल्यास पुन्हा बेरीज करणारा छोटा लूप लिहावा.

सबरुटीन लँग्वेज एन्व्हायर्नमेंटच्या (कोबॉलसारख्या भाषांना चालताना आधार देणाऱ्या सामायिक व्यवस्थेच्या) नियमांनी, सीईईएन्ट्री मॅक्रो वापरून लिहिलेले असेल, तर तिची स्वयंचलित जागा स्टॅकवर असते आणि परतताना जाते. टिकाऊ जागा सीईईजीटीएसटीने हीपमधून (मागू तेव्हा मिळणाऱ्या मेमरीच्या साठ्यातून) घ्यावी. ती एन्क्लेव्ह (या व्यवस्थेत एकत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमांचा संच) संपेपर्यंत राहते. तिचा पत्ता ठेवण्यासाठी सीईई३यूएसआर ही सेवा एन्क्लेव्हशी जोडलेले ४-४ बाइटचे दोन रकाने देते. रकाने दोनच असल्यामुळे ते आधी कोणी वापरले आहेत का, हे विचारून घेणे भाग आहे. सीआयसीएसमध्ये (स्क्रीनवरचे ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीत) वरचे काहीच थेट लागू करू नये : तिथे टास्क सहसा दर स्क्रीनला संपते, आणि पुढच्या स्क्रीनसाठी किंमत कॉमएरियात (पुढच्या टास्कला दिल्या जाणाऱ्या जागेत) किंवा टेम्पररी स्टोरेजच्या रांगेत ठेवावी लागते.

जॉबच्या एका स्टेपमधून दुसऱ्या स्टेपमध्ये मेमरीतली बेरीज जात नाही. मधल्या नोंदीपासून जॉब पुन्हा सुरू करण्याची सोय हवी असेल, तर प्रत्येक कमिटच्या (केलेले बदल पक्के करण्याच्या) वेळी कोष्टक डेटासेटमध्ये (डिस्कवरच्या फाइलमध्ये) लिहून ठेवावे आणि नव्याने सुरू होताना पहिल्या कॉलला तेथून भरावे.

दुरुस्तीनंतर तपासताना एकाच कॉलरवर समाधान मानू नये. एकाच जॉबमध्ये दोन कोबॉल प्रोग्रॅमांनी आळीपाळीने त्याच तीन नोंदी पाठवाव्यात. हँडलच्या पद्धतीत दोघांनाही स्वतंत्रपणे ५००, ८००, २०० मिळाले पाहिजे. नेम-टोकनच्या पद्धतीत निपाणीची बेरीज दोघांत मिळून ५००, १०००, १३००, १६०० अशी चढत जाईल आणि चिकोडीची २००, ४००. यांपैकी कोणते उत्तर अपेक्षित आहे हे अहवाल वापरणाऱ्या विभागाकडून लेखी घ्यावे आणि मगच मॉड्यूल वर पाठवावे.